वैशाखातली शेगडी

या गोष्टीत माझे काम मर्यादित होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर नगरपालिकेने गावातील इमारतींच्या ऊर्जा-प्रमाणपत्रांचा मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे सोपवले होते. मजकूर निर्दोष असला की मी सही करीत असे. मगच त्याची पाटी रंगत असे. पुढचे सारे मी पाहिले-ऐकले तसे सांगते.

तापीकाठच्या एका गावात प्रल्हादराव नेहेते नावाचे नगराध्यक्ष होते. गावात ऊन फार आणि वीज अपुरी. म्हणून त्यांनी एक नियम केला. प्रत्येक मोठे दुकान, चित्रपटगृह आणि कचेरी आपल्या आकाराच्या मानाने वर्षभरात किती वीज वापरते, हे मोजावे आणि त्याप्रमाणे श्रेणी द्यावी. 'अ' सर्वांत चांगली, 'इ' सर्वांत वाईट. श्रेणीची पाटी दर्शनी दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर लावावी. नियम चांगला होता. मोजणीचे काम रेश्मा पिंजारी नावाच्या अभियंता मुलीकडे होते.

कापडाचे व्यापारी हिरालालशेठ छाजेड यांच्या दुकानाला 'इ' श्रेणी मिळाली. शेठजी नगरसेवकही होते. त्यांनी पाटी लावली. परंतु तिच्यापुढे पैठणी नेसवलेली एक बाहुली उभी केली. प्रल्हादराव स्वतः दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांदेखत त्यांनी बाहुली बाजूला सरकवली.

"शेठजी, पैठणी विका, पाटीला नेसवू नका. आरसा झाकून चेहरा उजळत नाही."

गिऱ्हाइके हसली. शेठजी हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य मात्र जपून ठेवले.

पुढे नगरभवनाची पाळी आली. ही नवी इमारत म्हणजे प्रल्हादरावांचा अभिमान. तिची पश्चिमेकडील भिंत सबंध काचेची होती आणि त्या काचेमागेच अध्यक्षांचे दालन होते. दुपारी ते भट्टीसारखे तापे. गारवा देणारे यंत्र सगळ्या इमारतीला मिळून एकच होते आणि त्याची कळ अध्यक्षांच्या दालनात होती. दालन तापले की प्रल्हादराव यंत्राचा जोर वाढवीत. मग मागच्या खोल्या गारठून जात.

रेश्मा मागच्या खोलीत गेली, तेव्हा बाहेर वैशाख पेटला होता. आत जन्ममृत्यूची नोंद करणारे सपकाळेभाऊ स्वेटर घालून बसले होते. त्यांच्या टेबलाखाली विजेची शेगडी लालभडक झाली होती.

"भाऊ, हे काय?"

"थंडी वाजते, मॅडम."

"वैशाखात?"

"वैशाख बाहेर आहे."

रेश्माने शेजारच्या टेबलाखाली वाकून पाहिले, तर तेथेही शेगडी होती. एकाच छताखाली विजेने गारवा केला जात होता आणि विजेनेच तो घालवला जात होता. हे सर्वांना ठाऊक होते. साहेबांच्या काचेविरुद्ध बोलायचे कोणी, एवढाच प्रश्न होता.

नगरभवनाला 'इ' श्रेणी मिळाली.

पाटी लागली, तर गाव हसणार होते. न लागली, तर नियम बुडणार होता. प्रल्हादरावांना दोन्ही कळत होते. त्यांनी रेश्माला बोलावले.

"तूर्त 'क' लिहा. वर्षभरात दुरुस्ती करूच आपण."

"दुरुस्ती झाली की 'क' लिहीन, साहेब."

मग ते माझ्याकडे आले. कधीकाळी ते माझ्याच वर्गात बसत असत.

"बाई, 'इ' अक्षराऐवजी 'सुधारणेच्या वाटेवर' असे शब्द चालतील का? मराठी शुद्ध आहे."

"शुद्ध आहे, प्रल्हाद, खरे नाही," मी म्हणाले आणि 'इ' लिहिलेल्या मजकुरावर सही केली.

पाटी रंगून आली आणि अध्यक्षांच्या कपाटात गेली. ही बातमी सपकाळेभाऊंच्या खोलीतून बाजारात पोहोचायला वेळ लागला नाही. चित्रपटगृहाची पाटी प्रथम उतरली. पाठोपाठ उपाहारगृहाची उतरली. ज्यांची श्रेणी चांगली होती, त्यांनीही पाट्या पुसणे सोडून दिले.

सर्वसाधारण सभेत हिरालालशेठ उभे राहिले.

"अध्यक्षसाहेब, एक विनंती आहे. माझीही पाटी आपल्या कपाटात ठेवून घ्याल का? तिथे पाट्यांना ऊन लागत नाही, असे ऐकतो. हवी तर बाहुलीही पाठवतो, पैठणीसकट."

सभागृह हसून लोळले. प्रल्हादरावांचा चेहरा उतरला. सभा तहकूब करण्याचा अधिकार त्यांना होता. घंटी त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि तिला हात न लावता ते उठून दालनात गेले. परत आले, तेव्हा त्यांच्या एका हातात पाटी होती आणि दुसऱ्या हातात हातोडी.

"शेठजी, आरसा झाकून…" एवढे बोलून ते थांबले.

"चेहरा उजळत नाही," शेठजींनी वाक्य पुरे केले. "चला, स्टूल मी धरतो."

सभा उठून दाराशी गेली. प्रल्हादरावांनी खिळा स्वतः ठोकला. पहिला वाकला, दुसरा बसला.

त्यानंतर सभेने ठरवले ते असे. पाटी दर्शनी दाराशीच राहील. काचेवर बाहेरून बांबूचे तट्टे बांधले जातील. अध्यक्षांचे दालन मागच्या खोल्यांच्या ओळीत जाईल, यंत्राची कळ सपकाळेभाऊंच्या भिंतीवर येईल आणि शेगड्या घरी जातील. ठराव प्रल्हादरावांनी मांडला. अनुमोदन हिरालालशेठ यांनी दिले. एक सोडून सर्व सदस्यांनी हात वर केले. त्या एकाच्या मेहुण्याने काच पुरवली होती. दुसऱ्या दिवशी बाजारातील पाट्या कोणी न सांगता आपापल्या जागी परतल्या.

तात्पर्य: जो नियम दुसऱ्याच्या दारावर ठोकायचा, त्याचा पहिला खिळा आपल्या दारावर ठोकावा.