हिलालची कफनी

“तळं टिकत नाही, बाबा. दुसरं काहीतरी द्या.”

सुकलाल उंबऱ्याशीच बसला. आत येण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

मंगलगीरबाबा भिंतीला टेकून आपले गुडघे चोळत होते. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून तेही शिणले होते.

“कुठलं तळं?”

“तुम्हीच दिलेलं. राग आला, भीती वाटली, की डोळे मिटायचे आणि शांत तळं बघायचं. मठात नव्यानं येणाऱ्यांना तर मीच शिकवतो ते.”

खोटं नव्हतं. एकदा चुलीवरच्या काहिलीनं हात चांगला भाजला, तरी पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नव्हतं. त्याची थोडी घमेंडही होती त्याला, उगाच कशाला झाका.

पण परवा त्याचा बाप मठात आला. हिलाल. मरायलाच आला म्हणा ना. ह्याच बापानं आसूड घेऊन त्याला अंगणभर पळवलं होतं, आणि त्या धाकानंच सुकलालनं पोरवयात घर सोडलं होतं. इतकी वर्षं लोटली. तरी भिंतीपलीकडून तो खोकला आला की ह्याची बोबडी वळायची. आज सकाळी तर काही कारण नसताना तो स्वयंपाक्याच्या अंगावर धावून गेला.

“वैद्य म्हणतात, आता फार वेळ नाही. त्याला माझ्या हातचं पाणी हवंय. मलाही द्यायचंय, बाबा. नाही दिलं तर ते मला जन्मभर खात राहील. दारापर्यंत जातो, डोळे मिटतो, आणि...”

“आणि?”

“तळ्याच्या काठावर तोच उभा असतो. आसूड घेऊन. थकलो मी आता.”

बाबांनी गुडघे चोळणं थांबवलं.

“तळ्याऐवजी डोंगर देता का? जरा भक्कम असं काही.”

“बघू,” बाबा म्हणाले. “त्याची कफनी झाली?”

मठाचा तसा रिवाजच होता. देह ठेवायला आलेल्या माणसाला नवी कोरी कफनी मिळायची आणि ती सुकलाल शिवायचा. टेप त्यानं कधी हातात धरली नाही. माणसावर एक नजर टाकली की लगेच कातर चालवायचा. आजवर त्याची एकही कफनी उसवावी लागली नव्हती.

“झाली.”

“त्याला बघून आलास?”

“बापाला काय बघायचं? त्याचं माप पाठ आहे मला.”

“घेऊन ये.”

सुकलालनं कफनी आणली. बाबा भिंतीचा आधार घेत उठले. ते स्वतः चांगले उंच, दारातून जाताना वाकावं लागायचं त्यांना. त्यांनी ती अंगात घातली.

खालचा घेर जमिनीवर पसरला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबल्या. छातीत आणखी एक माणूस सहज मावला असता.

सुकलाल बघतच राहिला.

“चुकलं... माप चुकलं माझं. असं कधी होत नाही, बाबा.”

“काल मीच त्याला उचलून खाटेवर ठेवलं,” बाबा म्हणाले. “माझ्या खांद्यालाही लागत नाही तो. लेकरासारखा हलका झालाय.”

...

सुकलालनं तो पसरलेला घेर हातात धरला आणि एकदम त्याला रडू कोसळलं. बाबांनी ते थांबवलं नाही. भिंतीपलीकडे खोकल्याची उबळ आली आणि ओसरली.

“उसवून लहान करतो,” डोळे पुसत तो म्हणाला. “घटकाभरात होईल.”

बाबांनी कफनी काढून त्याच्या खांद्यावर टाकली. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

“आधी हे पाज. आणि आज नजरेनं नको, वितीनं माप घेऊन ये.”