एका शब्दाचा फरक

राजा रणधवलाचा खजिना आटला. व्यापाऱ्यांचे तांडे येईनात, जकात मिळेना. राजाने दवंडी पिटवली, "काटकसर! प्रत्येकाने एक वस्त्र द्यावे!" गोळा झालेले कपडे शेजारच्या राज्यात विकून धान्य आणायचे होते.

राजाने साठ शालींतली एक दिली. दिवाणजींनी चाळीस अंगरख्यांतला एक दिला, तोही उसवलेला.

चौथ्या दिवशी गोजरा कुंभारीण हातगाडी ढकलत दरबारात आली. गाडीवर भलामोठा रांजण, आणि रांजणातून बाहेर आलेलं तिच्या नवऱ्याचं डोकं!

"हे काय?" राजा ओरडला.

"माझा नवरा येसू, महाराज. माझी लुगडी दोन होती, एक दिलं. ह्यांचं धोतरच एक होतं!"

"रामराम, महाराज," रांजणातून आवाज घुमला. "मुजरा करायला वाकता येत नाही, माफी असावी."

दरबार खो खो हसला. दिवाणजी मात्र तडकले. "नियम सगळ्यांना सारखा आहे!"

"खरंय. तुमचा एक अंगरखा गेला, ह्यांची अब्रू गेली. सारखंच की!"

राजाच्या मिशा थरथरल्या. "फार बोलतेस, बाई! मग असा हुकूम सांग की सगळ्यांना सारखी झळ बसेल आणि खजिनाही भरेल. पण माझ्या हुकुमाचा एकच शब्द बदलायचा! जमलं नाही तर हा रांजणही जप्त!"

"अगं, नीट विचार करून बोल!" येसू आतून किंचाळला.

गोजरा क्षणभरही थांबली नाही. "सोपं आहे, महाराज. 'प्रत्येकाने एक वस्त्र ठेवावे!'"

दिवाणजींचा एक हात पगडीवर गेला, दुसरा धोतरावर.

"ठरवा, दिवाणजी," गोजरा म्हणाली. "पगडी की धोतर?"

राजाला हसू आवरेना. पोट धरून तो सिंहासनावरून घसरलाच! "अरे, हिने तर मलाच नागवलं! हुकूम मंजूर! फक्त एकाऐवजी दोन वस्त्रं ठेवू द्या, नाहीतर उद्या सगळा दरबार रांजणात बसेल. आणि ज्याच्याकडे दोन नाहीत, त्याला गोळा झालेल्या कपड्यांतून द्या!"

संध्याकाळपर्यंत राजवाड्यासमोर शाली-शेल्यांचा डोंगर उभा राहिला. यापुढे कोणतीही दवंडी आधी गोजराला ऐकवायची, असं राजाने ठरवलं आणि तिला वर्षाचं धान्य बांधून दिलं.

येसूला मिळालं दिवाणजींचं जरीकाठी धोतर. ते घ्यायला रांजणातून आधी एकच हात बाहेर आला आणि आवाज आला, "मंडळी, जरा पाठ फिरवा!"