कोतवालांचं 'हवं होतं'

फार पूर्वी, उंच डोंगरांच्या पलीकडे एक गाव होतं. गावाला लागून एक मोठं तळं होतं आणि हिवाळ्याचे चार महिने ते गोठून दगडासारखं होई. त्या गावात एक नर्तकी राहत असे. बुटांना लोखंडी पाती बांधून ती बर्फावर अशी नाचे की बघणाऱ्यांच्या हातातलं गरम दूध तसंच गार होऊन जाई.

अठरा हिवाळे ती नाचत होती. म्हणून गावाने तिला एक मान दिला होता. तळं नव्याने गोठलं की त्यावरची पहिली रेघ तिने काढायची. ती या काठावरून त्या काठावर जाऊन येई आणि मग तिच्या पात्यांच्या रेघेवरून गावाच्या घसरगाड्या पलीकडच्या बाजाराला निघत. त्याआधी बर्फावर कुणी पाऊल टाकत नसे.

दर हिवाळ्यात तीन गावांमध्ये नाचाची चुरस लागे. जिंकणाऱ्या गावाला वर्षभर चांदीची घंटा मिळे. त्या वर्षी नर्तकीची पाळी शेवटी आली. तिने दोन गिरक्यांची उडी घेतली असती तर दुसरा नंबर नक्की होता. घंटा हवी तर गिरक्या तीन. तिने तीन घेतल्या. तिसरी पुरी होता होता पातं निसटलं आणि ती गुडघ्यावर आपटली. घंटा शेजारच्या गावाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव तळ्यावर जमलं. पात्यांच्या रेघा बर्फावर तशाच होत्या. गावचे निवृत्त कोतवाल हातातल्या काठीने एकेक रेघ दाखवत होते.

"हे बघा, इथे वेग कमी पडला. इथे चार हात आधी वळायला हवं होतं. आणि मुळात दोनच गिरक्या घ्यायला हव्या होत्या. मला तर तेव्हाच दिसत होतं!"

"मलाही," कापडवाला म्हणाला. "मी तर बायकोला म्हटलंसुद्धा."

"ऐका माझं, तिने दोन वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं," तिसऱ्याने भर घातली.

गर्दीत लोकरीच्या टोप्या विणणारी एक म्हातारी होती. नर्तकीचे अठराही हिवाळे तिने काठावर उभं राहून पाहिले होते. तिला राहवेना.

"कोतवालसाहेब, तेव्हाच दिसत होतं, तर तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीत? 'तीन! तीन!' म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं? माझा कान अजून दुखतोय."

लोक हसले. कोतवालांनी काठी आपटली. "आजीबाई, ओरडणं वेगळं आणि जाणणं वेगळं."

"असं? आणि दोन वर्षांपूर्वी तिने दोनच गिरक्या घेतल्या, तेव्हा 'आता भित्री झाली' म्हणणारे कोण? तेही तुम्हीच. तीन घेतल्या तरी चूक, दोन घेतल्या तरी चूक. मग तिने काय हवेतच लटकून राहायचं?"

"तुम्ही तिच्या भक्त. तुम्हाला तिची चूक कशी दिसणार?"

"दिसते की! माझ्या डोळ्यांदेखत पडली ती. चुकलीच. पण ती चूक तिला उडी मारताना कळली आणि तुम्हाला रात्रभर झोप काढून आल्यावर."

पण बोलणारे पुष्कळ होते आणि म्हातारी एकटी. सगळे गावाच्या मुखियाकडे गेले. पडणाऱ्या बाईकडे पहिल्या रेघेचा मान कशाला, असं म्हणू लागले. नर्तकी लंगडत आली आणि "गाव म्हणेल तसं," एवढंच बोलली. मुखियाने तिचा मान काढून घेतला.

"काढलात ना? मग आता तो कोतवालसाहेबांना द्या," म्हातारी म्हणाली. "त्यांना सगळं आधीच दिसतं. असा माणूस काठावर वाया का घालवायचा?"

सगळ्या गावासारखं कोतवालांनाही पात्यांवर चालता येत होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मान स्वीकारला.

वर्ष सरलं. तळं पुन्हा गोठलं. गावातलं मीठ संपत आलं होतं. रिकाम्या घसरगाड्या घेऊन लोक काठावर जमले. कोतवाल पाती बांधून पुढे झाले आणि थबकले.

समोर बर्फ कोरा होता. एकही रेघ नव्हती.

"इथून..." ते म्हणाले. "नाही, तिथून." एक पाय टाकला. बर्फ करकरला. पाय मागे आला. दुपार झाली.

"काय झालं, साहेब?" मुखियाने विचारलं.

"काही दिसतच नाही हो इथे! आधी कुणीतरी जाऊन या. मग मी सांगतो, कुठून जायला हवं होतं."

अख्खा काठ हसत सुटला. म्हातारी मात्र हसली नाही. तिचं लक्ष नर्तकीकडे होतं. नर्तकी खाली बसून बुटांना पाती बांधत होती.

"अगं, गुडघा?"

"दुखतो."

"मग कशाला जातेस? यांनी मान काढला ना तुझा?"

"मीठ संपलंय ना, आजी?"

ती निघाली. तळ्याच्या मध्यावर बर्फ मोठ्याने करकरला. काठावर कुणी श्वास घेईना. ती थांबली, एकदम डावीकडे वळली, लांबचा वळसा घेऊन पलीकडे पोचली आणि त्याच वाटेने परत आली.

कोतवाल पुढे झाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "तिथं डावीकडे वळायचं, हे तुला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं," नर्तकी म्हणाली. "वळल्यावर कळलं."

कोतवालांनी त्या वाकड्या रेघेकडे पाहिलं. मग त्यांनी काठी बर्फावर ठेवून दिली, पहिल्या घसरगाडीची दोरी खांद्यावर घेतली आणि रेघ जिथे वळली होती तिथे वळत, मुकाट्याने मीठ आणायला गेले.

तात्पर्य: घडून गेल्यावर सगळ्यांनाच दिसतं. दिसत नसताना ज्याला पाऊल टाकावं लागलं, त्याची चूक जरूर दाखवावी. पण त्या वेळी आपण काठावर उभे होतो, हे आधी सांगावं.