वेशीवरचा तरस

एका राज्यात अशी रीत होती, की वेशीच्या भिंतीवर दरवर्षी एक चित्र काढायचं आणि वर्षभर प्रजेनं तेच खरं मानायचं. एके वर्षी कुंदा चितारिणीनं नदी काढली. झालं, सारं नगर नदीला आई म्हणू लागलं. पाण्यात कुणी केर टाकीना. राजानं कुंदाला पालखी दिली.

शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोघी एका गुरूच्या शिष्या, एका खलात रंग घोटलेल्या; आणि मान एकटीला? पुढचं वर्ष तिचं होतं. तिनं राजगुरूंना विचारलं, "लोक सर्वांत जास्त कशाला भितात?"

"तरसाला. पोरं पळवतो."

"पाहिलंय कुणी?"

"पाहायचं काय त्यात? आमच्या आजोबांनी सांगितलंय."

तेवढ्यावर शाल्मलीनं तरस काढला. डोळे निखाऱ्यासारखे, जबड्यात पाळणा. लोकांची दातखीळ बसली. नदीचं नाव कुणी घेईना. शाल्मली पालखीत बसली आणि लोक भाले घेऊन रानात शिरले.

तरस संपले. मग मेलेली गुरं खाऊन टाकणारं कुणी उरलं नाही; ती रानात सडत पडली, ओढ्यांनी ती घाण नदीत आणली. पाणी काळं झालं. जो पिई, त्याची वाचा जाई. शाल्मलीच्या आईचीही गेली.

तेव्हा वेशीवर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला नि शाल्मलीला म्हणाला, "शाप भिंतीत आहे. तीन कामं कर. तरस डोळ्यांनी पाहा. ऐकीव गोष्टीला भर दरबारात खोटं म्हण. आणि चित्र कुंदाच्या हातून पुसून घे."

"तिसरं सोडून बोल."

"मग आईशी खुणांनी बोल."

सात दिवस चालून शाल्मली रानातल्या एका कड्यापाशी पोचली. तिथं उतरत्या पाठीची एकच तरशीण उरली होती. मेलेल्या बैलाचं हाड फोडून ती दोन पिल्लांना भरवत होती. शाल्मलीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

दरबारात शाल्मली म्हणाली, "राजगुरू, तुमच्या आजोबांनी तरस पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला. आपण सगळे खोटं बोललो."

"पोरी, वडीलधाऱ्यांपुढे तोंड वर करतेस?"

"वाचा आहे तोवर बोलते. उद्या तुमचीही जाईल."

मग ती कुंदाच्या दारी गेली.

"काय गं, पालखीवाली आज पायी?"

"माझं चित्र पुस."

"अगं, वर्षभर याच घटकेची वाट पाहत होते!" कुंदानं पदर खोचला, चुन्याचा कुंचला उचलला. भिंतीशी मात्र क्षणभर थांबली. "डोळे फार जिवंत काढलेस, मेले," असं पुटपुटली आणि आधी डोळेच पुसले.

शाल्मलीनं ओल्या चुन्यावर आपण पाहिलेली तरशीण काढली. हाड, पिल्लं, खाली ओढा. शेवटची रेघ वाळली तशी नदी निवळली. आई म्हणाली, "शाल्मले, घसा सुकला गं. पाणी दे."

राजानं कड्यापासचं रान तरसांना आंदण दिलं. वेशीवर त्या वर्षी गर्दी जमली नाही. रीघ लागली ती नदीवर, कुंदाच्या नदीवर. शाल्मलीच्या पोटात पुन्हा दुखलं. ती काठावर बसली, त्याच नदीचं ओंजळभर पाणी प्याली. गोड होतं. आणि तसं ती मोठ्यानं म्हणाली.