पाठमोरे मास्तर

एकदा एका तालुक्याच्या गावी एका वृद्ध बँडमास्तरांपुढे त्यांची शिष्या हात जोडून उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मास्तर, मी रॉकबँडमध्ये जाऊ का?"

आता तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. दृष्टांत म्हटला की आश्रम हवा, वटवृक्ष हवा, निदान एखादा व्यापारी तरी हवा. हे रॉकबँडचं खूळ कुठून आणलंत? अहो, विद्या जिथे मनापासून दिली-घेतली जाते तो आश्रमच! इस्माईल मास्तरांचा आश्रम म्हणजे एसटी स्टँडामागची पत्र्याची शेड. खिळ्यांना टांगलेले लाल कोट, एक दांडगा ढोल, दोन ट्रंपेट. तिथे ही वैजयंता, म्हणजे सगळ्यांची वैजू, तीन वर्षं ड्रम शिकली. मुलगी लग्नाच्या वरातीत वाजवणार म्हटल्यावर गावाने तोंडात बोटं घातली. मास्तर एवढंच म्हणाले, "काडी कोणाच्या हातात आहे ते ड्रमला दिसतं का?" विषय मिटला.

त्यामुळे तिच्या प्रश्नावर मास्तर काय बोलतात याकडे वैजूचे कान लागले होते. गावातल्या कॉलेजच्या पोरांचा रॉकबँड होता, त्यांचा ड्रमर नोकरीसाठी परगावी गेला होता आणि चार दिवसांवर कार्यक्रम होता. मास्तरांनी ट्रंपेट पुसता पुसता म्हटलं, "जा. ऐकायला येईन." ना रुसवा, ना आशीर्वाद.

वैजूच्या जिवाला घोर लागला. ज्यांनी हातात काडी दिली त्यांनाच हे वादन थिल्लर वाटलं तर? तिने मनाशी निश्चय केला, मास्तरांचं तोंड उतरलेलं दिसलं तर पुन्हा काडीला हात लावायचा नाही. आणि ते तोंड तिला पाठ होतं. तीन लग्नसराया मास्तर वरातीत बँडपुढे उलटे चालले होते, तिच्या हातांवर नजर ठेवून. डावी भुवई चढली की लय सुटली. मिशीत हसू आलं की जमलं. एकदा उलटं चालता चालता ते केळ्यांच्या गाडीवर आदळले, पण उठून पुन्हा उलटेच चालू लागले. त्यांची पाठ कशी दिसते, हे मात्र वैजूने कधी पाहिलंच नव्हतं.

कार्यक्रमाची संध्याकाळ आली. कॉलेजचं मैदान माणसांनी फुललं होतं. वैजू ड्रमसेटमागे बसली. हातांना काम, पायांनाही काम, आणि छाती तर तिच्याही आधी वाजायला लागलेली. बेस गिटार वाजवणारा ओजस वाकून म्हणाला, "वैजू, घाबरलीस काय गं?"

"घाबरतंय माझं खेटर!" ती म्हणाली, आणि काड्या एकमेकींवर आपटून तिने चार मोजले.

काय सांगू महाराजा! पहिल्या ठोक्यासरशी गिटारी कडाडल्या, स्पीकर गरजले, पायाखालच्या फळ्या थरथरू लागल्या. पोरांनी एकच आरोळी ठोकली. वैजूच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण एक ठोका मारावा आणि अख्ख्या मैदानाने उसळावं, याहून मोठा आनंद तिला ठाऊकच नव्हता. हसत हसत तिने मास्तरांना शोधलं. ते अगदी पुढे उभे होते, पांढरी टोपी घालून. वैजूने तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी मास्तर वळले. स्टेजकडे पाठ करून शांतपणे उभे राहिले.

वैजूचं काळीज लक्कन हललं. एवढं वाईट? तोंडही पाहवेना? मग तिला रडू आलं, आणि रडूच्या मागोमाग राग आला. कसे वळत नाहीत तेच बघते! ती त्वेषाने वाजवू लागली. लय चढली, आणखी चढली. गाणाऱ्याला दम लागला. "अगं, धावतेस कुठे?" ओजस ओरडला. तिला ऐकू येईल तर शपथ. तिचे डोळे त्या पाठीवर खिळले होते.

पण पाठीकडे किती वेळ पाहणार? पाठ काही बोलेना. तेव्हा मास्तर जिकडे पाहत होते तिकडे तिची नजर गेली, लोकांच्या पायांकडे. ते पाय अडखळत होते. टाळ्या मागे पडत होत्या, नाचणारे एकमेकांवर धडकत होते. वरातीत असं झालं की काय करायचं, ते तिच्या मनगटांना ठाऊक होतं. तिने लय अलगद खाली आणली, पायांपाशी. एक आवर्तन, दुसरं. आणि मग पाचशे पाय एकदम पडले! मैदान असं उसळलं की कडेला उभे असलेले प्राचार्यही मान डोलवू लागले. आणि मास्तर? मास्तरांचे दोन्ही खांदे नाचत होते. वैजू मोठ्याने हसली, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच हसली.

कार्यक्रम संपताच ती धावत खाली आली. "मास्तर, तुम्ही पाठ का फिरवलीत?"

"मधे लय घेऊन पळालीस का?" मास्तरांनी उलट विचारलं.

"तुमची पाठ दिसली म्हणून."

"आणि मग सावरलीस कशी?"

"लोकांचे पाय पाहिले."

"पाहा म्हणून कोणी सांगितलं? माझी भुवई तर पलीकडे होती."

वैजूने त्यांच्या डाव्या भुवईकडे निरखून पाहिलं.

मास्तर म्हणाले, "बेटा, वरातीत मास्तर बँडच्या पुढे चालतो. बँडमध्ये एक जरी वादक कच्चा असला, तरी मास्तराला उलटं चालावं लागतं. वादक पक्का झाला की मास्तर तोंड नाचणाऱ्यांकडे करतो. पक्क्या वादकाच्या हातांवर नजर ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. तुझ्यापायी तीन वर्षं उलटा चाललो, कंबर गेली माझी. म्हटलं, आता कुठे सरळ चालायला मिळेल, तर तू निघालीस रॉकबँडात! मग इथेच उभा राहिलो, माझ्या जागेवर."

वैजू खाली वाकली आणि तिने त्यांच्या पायांना हात लावला. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आपल्याकडेही कोणी पाठ फिरवली, तर रुसण्याआधी जरा पाहावं, त्यांनी तोंड कुठे केलं आहे ते.

निघताना मास्तरांनी विचारलं, "पुढचा कार्यक्रम कधी? आणि मी कुठे उभा राहू?"

डोळे पुसत वैजू म्हणाली, "पुढेच, मास्तर. माझ्याकडे पाठ करून."