ओल्या रंगातलं पाऊल

“निघेल ना हो हा डाग, गुरुजी?”

नाओयाने हे दारातूनच विचारलं. वाकून नमस्कार करायचंही त्याला भान नव्हतं. टेम्पोतून आणलेलं चित्र त्याने जमिनीवर आडवं ठेवलं आणि वरचं कापड ओढून काढलं.

कानाझावा या जपानी शहरातले वृद्ध चित्रकार ओनोदेरा भाजलेलं रताळं खात बसले होते. त्यांनी शेवटचा घास संपवला, बोटं पुसली, मग चित्राकडे पाहिलं. रताळं गोड निघालं की ते कुणासाठी घाई करत नसत.

चित्रात एक मुलगी होती. रिकाम्या मैदानात एकटीच बसलेली, डोळे बशीएवढे, ओठ घट्ट मिटलेले. हल्ली तिकडच्या चित्रांतून अशी जगावर रुसलेली पोरं बरीच भेटतात. पण हिच्या मांडीवर, ओल्या रंगात, एक खरंखुरं छोटं पाऊल उमटलं होतं.

“कुणाचं?”

“चिनात्सूचं. माझी भाची, सात वर्षांची. तिलाच तर समोर बसवून हे काढलं! चित्र जमिनीवर वाळत ठेवून मी जेवायला गेलो, तेवढ्यात...” नाओयाचे कान लाल झाले. “परवा स्पर्धेला द्यायचंय. पस्तिशीच्या आतल्यांसाठीच आहे ती, आणि मला आता पस्तीस पूर्ण होतील. यंदा हुकलं की कायमचं हुकलं.”

“हं...”

“आणि खरं सांगू, गुरुजी? इतकं खरं बालपण आजवर कुणी रंगवलं नसेल. अकरा दिवस पोरगी जागची हलली नाही!”

“सात वर्षांची? कसं काय जमवलंस?”

“हललीस तर आइस्क्रीम बंद, म्हणालो.”

गुरुजी खळखळून हसले. नाओयाचा हात चांगला होता. तो चांगला आहे हे नाओयाला जरा जास्तच ठाऊक होतं. तरीही गुरुजींचा त्याच्यावर जीव होता.

त्यांनी वाडग्यात कोमट पाणी आणि एक मऊ कुंचला आणून दिला. दगड कुटून केलेला हा रंग चिकट सरसात कालवलेला असतो, कोमट पाण्याने सुटतो.

“निघेल. तासाभराचं काम आहे. काढ तूच.”

नाओयाचा जीव भांड्यात पडला. त्याने चित्रावर आडवी फळी टाकली, तिच्यावर गुडघे टेकले आणि कुंचला भिजवला.

“टाचेकडून सुरुवात कर,” गुरुजी म्हणाले.

“टाच... टाच उमटलेलीच नाही.”

“असं?”

“नुसता चवडा आहे. आणि बोटं.” नाओया आणखी खाली वाकला. “चवड्यावर चालत होती.”

“का बरं?”

नाओया बघत राहिला. त्याच्या घरातली खोली लहान, आणि चित्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पलीकडे जायला दुसरी वाटच नव्हती.

“चित्र बिघडू नये म्हणून...”

“पलीकडे काय आहे?”

“खिडकी.”

“खिडकीत काय होतं?”

“ते माहीत नाही.”

“तिला विचारलंस?”

“नाही. ओरडलो.”

वाडग्यातलं पाणी निवत गेलं. चित्रातल्या मुलीची पापणी न् पापणी नाओयाने मन लावून काढली होती. ती कशासाठी जागची उठते, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. त्याला लाज वाटली. आणि का कोण जाणे, हसूही आलं, पुष्कळ दिवसांनी आलेलं मोकळं हसू.

त्याने कुंचला बाजूला ठेवला.

“जाऊन विचारू का तिला?”

गुरुजी उठले, दाराशी गेले आणि वाकून शिष्याचे जोडे बाहेरच्या दिशेला वळवून ठेवले. निघणाऱ्या पाहुण्यासाठी तिकडे असं करतात. गुरूने शिष्यासाठी केलेलं मात्र नाओयाने कधी पाहिलं नव्हतं. तो धावतच दाराशी आला.

जोड्यांत पाय सरकवताना त्याला पुन्हा स्पर्धा आठवली.

“पण गुरुजी, वेळ फार थोडा उरलाय...”

“खरंय,” गुरुजी म्हणाले. “सात वर्षांची आहे ती. तिच्या बालपणाकडे तर तुझ्याहूनही थोडा आहे.”