चाळीस पानांची इटालियन

“आता राहिलं काय, सिस्टर? तीन महिन्यांत अख्खी इटालियन खिशात घातली!” इनास रुमाव म्हणाला, आणि खिशातून वही काढताना स्वतःच हसला. “म्हणजे चाळीस पानांची. खिसा एवढाच आहे.”

सिस्टर नातालिन हसल्या नाहीत. वय पंच्याऐंशी. त्यातली तीस वर्षं इटलीतल्या एका इस्पितळात, रोग्यांच्या उशाशी गेलेली. आता वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये, ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत त्या बसून असत.

“म्हण,” त्या म्हणाल्या.

इनास केळीवाला. शाळा पाचवीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटली. त्याने ज्याची टिंगल केली नाही असा गावात एकच, जो अजून जन्मायचा होता. इटालियन त्याने देवनागरीत उतरवून घेतली आणि बागेला पाणी सोडता सोडता घोकली. शेजारी म्हणत, इनासच्या केळींना हल्ली मराठी कळत नाही.

पण काम थट्टेचं नव्हतं.

रविवारी सिन्योरा ज्युलिया येणार होती. इटलीतल्या जेनोव्हाची म्हातारी. इनासचा थोरला मुलगा, वालेरियन, तिच्या घरी भाड्याने राहायचा. गेल्या वर्षी तो तिथेच आजारात गेला, तेव्हा त्याच्याजवळ तीच होती. दुसरं कोणी नव्हतं.

दुभाषा नको, असं इनासने आधीच बजावलं होतं. बापाने बापाच्या तोंडाने बोलावं.

“मी सिन्योरा,” सिस्टर म्हणाल्या. “आत्ता तुझ्या दारात आले.”

इनासने टोपी काढली आणि सुरू झाला. बेनवेनूता, म्हणजे या, या. हे आमचं घर. ही आमची विहीर. तुमचे उपकार डोंगराएवढे. ग्रात्झ्ये, ग्रात्झ्ये. वालेरियन लहानपणी चिंचेवरून पडला होता. हे केळं खा. हे आणखी एक खा...

कुठे अडखळला नाही. सिस्टरनी तीनदा तोंड उघडलं. पंगतीत आग्रह करावा तसं तिन्ही वेळा त्याने पुढचं वाक्य वाढलं.

सिस्टरनी हात पुढे केला.

“वही.”

त्या पानं उलटत राहिल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत.

“चुका आहेत?”

“नाहीत.”

“मग शोधता काय?”

“प्रश्न. एकही नाही.”

“पाहुणा आला की आधी पाणी द्यावं, चौकशा करू नयेत. आमच्या आईची शिकवण.”

“तुझ्या आंजेलने तुला माझ्याकडे कशाला धाडलं होतं, इनास?”

इनास आवारातल्या माडाकडे बघू लागला...

बायकोने धाडलं होतं एका वाक्यासाठी. वर्षभर ती जेवताना मध्येच थांबायची आणि तेच म्हणायची. शेवटी तो काय बोलला, एवढं त्या बाईला विचारा.

एका वाक्यासाठी आलेला माणूस चाळीस पानं शिकला होता.

सिस्टरनी ते वाक्य सावकाश उच्चारलं. “कोझा आ देत्तो, आल्ला फीने?”

“कोझा...”

“आ देत्तो.”

“कोझा आ...” इनास खाकरला. “कवळी नवी आहे, सिस्टर.”

सिस्टरनी बोटानेच ‘पुन्हा म्हण’ अशी खूण केली.

“कोझा...”

“आ देत्तो.”

“विचारलं, तर ती सांगेल ना,” इनास म्हणाला. आता तो हसत नव्हता.

“सांगेल.”

“त्याने आम्हाला हाक मारली असेल तर?... आणि नसेल मारली तर?”

सिस्टरनी वही मिटली, मांडीखाली सरकवली आणि तिच्यावर बसल्या.

“अहो, रविवार परवावर आलाय!”

“एक वाक्य घेऊन जा.”

इनास उभा राहिला. टोपी हातातच होती. माडाकडे नाही, सिस्टरकडे बघत त्याने ते वाक्य म्हटलं. हळू. अख्खं.



“बरं,” तो म्हणाला. “आणि तिने सांगितलं, की मग मी काय म्हणू? तेवढं तरी शिकवा.”



“तिथपर्यंतच येते रे, इनास, मला इटालियन.”